मॅजिकमध्ये क्रीचर सॅक कसं करायचं: आधी कोलनच्या डावीकडे बघा

मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा गेम तुम्हाला खेळता येतो, लँड टाकणं, माना (कार्ड खेळायला लागणारी शक्ती) काढणं, अटॅक, ब्लॉक हे सगळं जमतंय असं धरूनच मी लिहितेय, त्यामुळे ते परत सांगत बसणार नाही. हे फक्त सॅकबद्दल आहे. सॅक म्हणजे सॅक्रिफाइस, आपलंच क्रीचर (टेबलावरचं लढणारं कार्ड) आपणच बळी द्यायचं आणि बदल्यात काहीतरी पदरात पाडून घ्यायचं. १९९३ ला रिचर्ड गारफिल्डचा हा गेम आला तेव्हा पहिल्याच सेटमध्ये 'सॅक्रिफाइस' नावाचं एक कार्ड होतं, एक क्रीचर द्या आणि त्याच्या किमतीएवढा काळा माना घ्या. त्याच सेटमध्ये 'लॉर्ड ऑफ द पिट' होता, ७/७ चा (७ डॅमेज देतो, ७ सोसतो) उडणारा राक्षस, त्याला दर अपकीपला (आपला टर्न सुरू होताना) दुसरं एखादं क्रीचर बळी द्यायचं, द्यायला काही नसलं तर तो मालकालाच ७ डॅमेज करतो. म्हणजे ही भानगड गेमच्या मुळातच आहे, नंतर कुणी घुसडलेली नाही, आणि तरीसुद्धा वर्षानुवर्षं खेळणारी माणसं यात चुकतात.

आम्ही सांगलीत विश्रामबागला रविवारी आमच्या गच्चीवर बसतो, चार-पाच जण, मधे भडंगाचं ताट (आणि हात पुसायला फडकं, कारण तेलकट हाताने कार्ड धरलेलं मला अजिबात चालत नाही, स्लीव्ह असली तरी). कार्डं पुण्या-मुंबईहून मागवतो. टोकनसाठी (कार्डाशिवाय टेबलावर येणाऱ्या गोष्टींसाठी) चिंचोके. एवढ्या वर्षांत नवीन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी सॅक शिकवलंय, आणि प्रत्येकजण कुणाकडून तरी चुकीचं ऐकूनच आलेला असतो. 'सॅक म्हणजे आपलं क्रीचर डिस्ट्रॉय करणं', 'समोरच्याने मारायला स्पेल टाकला की मग सॅक करता येत नाही', 'ब्लॉकर सॅक केला की डॅमेज थेट प्लेअरला जातं'. तिन्ही चूक. हे सांगणाऱ्यांचा मला आता राग येतो, कारण नवीन पोरगं याच्या भरवशावर अख्खा डेक बांधतं, पैसे घालतं आणि मग टेबलावर तोंडघशी पडतं.

पायरी १: काय सॅक करता येतं ते बघा

आपल्या ताब्यात असलेलं, बॅटलफिल्डवर (म्हणजे टेबलावर) असलेलं क्रीचर. बास. हातातलं नाही, ग्रेव्हयार्डातलं (मेलेल्या आणि वापरलेल्या कार्डांच्या ढिगातलं) नाही, समोरच्याचं नाही. टॅप झालेलं चालतं, याच टर्नला आलेलं चालतं, टोकन चालतं. समनिंग सिकनेसचा (नव्या क्रीचरवरच्या पहिल्या टर्नच्या बंधनाचा) इथे संबंध येतो तो फक्त त्या क्रीचरच्या स्वतःच्या ॲबिलिटीत टॅपचं चिन्ह असेल तर, नाहीतर नाही.

पायरी २: सॅक म्हणजे डिस्ट्रॉय नाही हे डोक्यात पक्कं बसवा

इनडिस्ट्रक्टिबल (डिस्ट्रॉय न होणारं) असलं तरी सॅक होतं. रीजनरेट करून वाचत नाही. हेक्सप्रूफही (समोरच्याला टार्गेट करता न येणं) कामाचं नाही. क्रीचर बॅटलफिल्डवरून उठतं आणि थेट त्याच्या मूळ मालकाच्या ग्रेव्हयार्डात जातं, मधे काही नाही.

पायरी ३: ही कॉस्ट आहे का इफेक्ट ते ओळखा

आता इथे थांबा आणि नीट वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे नाही कळलं तर तुम्ही सॅकचा डेक खेळूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी माझं काय झालं ते सांगते. समोर मावसभाऊ, निळा डेक, दोन आयलँड (निळा माना देणारी लँड) उघडी ठेवून बसलेला. माझ्या हातात 'व्हिलेज राइट्स', एका काळ्या मानाचं साधं कॉमन कार्ड, २०२० ला आलेल्या कोअर सेटमधलं, एक क्रीचर सॅक करा आणि दोन कार्डं ओढा. माझ्याकडे टेबलावर दोन क्रीचर होती, एक १/१ चं 'डूम्ड ट्रॅव्हलर' आणि एक माझं सगळ्यात मोठं, ज्याच्यावर माझा सगळा खेळ चालला होता. मोठ्याला पुढच्या टर्नला तो काहीतरी करून उडवणारच असं मला वाटत होतं म्हणून मी ते मोठंच दिलं, आणि मनात असा हिशोब की त्याने काउंटर (रद्द) केलाच तर स्पेल, म्हणजे टाकलेलं कार्ड, झालाच नाही म्हणजे क्रीचर परत मिळेल. त्याने 'काउंटरस्पेल' टाकलं. मी शांतपणे माझं क्रीचर ग्रेव्हयार्डातून उचललं आणि परत टेबलावर ठेवलं. तो म्हणाला, "ताई, ते परत नाही घेता येत." मी म्हटलं, अरे स्पेलच झाला नाही तर बळी कशाचा? अर्धा तास भांडलो आम्ही, चहा गार झाला, बाकीचे दोघं गेम सोडून खाली गेले. रात्री मी नियमांचं पुस्तक उघडून बसले आणि त्याचंच बरोबर निघालं. क्रीचर पण गेलं, कार्ड पण गेलं, दोन पत्ते तर मिळालेच नाहीत. तो गेम मी हरले, आणि ते क्रीचर टेबलावर असतं तर हरले नसते हे मला आजही माहिती आहे.

झालं काय होतं? व्हिलेज राइट्समध्ये सॅक हा इफेक्ट नाहीच, ती कॉस्ट आहे, म्हणजे फी. सरकारी परीक्षेचा फॉर्म भरताना आपण फी भरतो की नाही? मग पेपर अवघड गेला, यादीत नाव नाही आलं, काहीही झालं तरी फी परत येत नाही, कारण ती फॉर्म भरायची होती, नोकरी मिळण्याची नव्हती. तसंच हे. स्पेल टाकताना क्रम असा असतो: आधी कार्ड दाखवायचं, टार्गेट असेल तर निवडायचं, मग कॉस्ट भरायची, माना आणि सॅक दोन्ही, आणि हे सगळं झाल्यावरच तो स्पेल टाकला असं म्हणतात आणि मगच समोरच्याला बोलायची संधी मिळते. तो काउंटर करेपर्यंत तुमचं क्रीचर कधीच ग्रेव्हयार्डात जाऊन बसलेलं असतं. मेंढीकोटात टाकलेलं पान उचलत नाहीत, तसंच.

ही झाली वाईट बाजू. पण याचीच दुसरी बाजू इतकी जबरदस्त आहे की तिच्यासाठीच सॅकचे डेक खेळतात. कॉस्ट भरताना मधे कुणालाच काही करता येत नाही. कुणालाच म्हणजे कुणालाच. तुम्ही व्हिलेज राइट्स दाखवून डूम्ड ट्रॅव्हलर उचललं आणि समोरचा ओरडला, "थांब थांब, तू सॅक करायच्या आत मी त्याला लाइटनिंग बोल्ट मारतो", तर त्याला शांतपणे सांगायचं की नाही मारता येत. बोल्ट मारायचाच होता तर आधी कधीतरी मारायचा होता, आणि आधी मारला असता तर मी त्या बोल्टला उत्तर म्हणूनच सॅक केलं असतं, म्हणजे तसंही त्याच्या हाती काहीच लागलं नसतं. तुमच्या मेन फेजला तुम्ही नवीन क्रीचर टाकलं, ते बॅटलफिल्डवर आलं, तर पहिली प्रायॉरिटी (आधी काही करायचा हक्क) तुमची, तुम्हाला वाटलं तर समोरच्याने हात हलवायच्या आत तुम्ही ते सॅक करू शकता. हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं आणि ते उगाच घाबरून बसतात.

आता इफेक्ट कसा वेगळा ते बघा. २०१५ च्या 'ड्रॅगन्स ऑफ तारकीर' सेटमध्ये 'एक्स्प्लॉइट' नावाची गोष्ट आली. त्यातलं 'व्हल्चरस एव्हन' घ्या, ते बॅटलफिल्डवर आलं की ट्रिगर (आपोआप सुरू होणारी ॲबिलिटी) होतो, पाहिजे तर एक क्रीचर सॅक करा, केलं तर दोन कार्डं ओढा आणि दोन लाइफ घालवा. इथे ट्रिगर आधी स्टॅकवर (व्हायची वाट बघणाऱ्या गोष्टींच्या थप्पीवर) जातो, म्हणजे समोरच्याला मधे बोलायला जागा आहे, आणि तुम्ही जे टोकन द्यायचं ठरवलं होतं ते तो तेवढ्यात मारू शकतो, किंवा एव्हनलाच मारू शकतो, आणि एव्हन जागेवर नसेल तर तुम्ही नंतर सॅक केलं तरी कार्डं मिळत नाहीत. चांगली गोष्ट एवढीच की ट्रिगर काउंटर झाला तर तुमचं क्रीचर शाबूत, कारण तुम्ही अजून काही दिलेलंच नाही. कधी आणि कुणाला द्यायचं हे ट्रिगर स्टॅकवरून प्रत्यक्ष होताना ठरवायचं, आधी नाही. नवीन लोक आधीच जाहीर करून बसतात, "मी हे टोकन देणार आहे", आणि समोरच्याला फुकट माहिती मिळते. तोंड बंद ठेवा.

मग ओळखायचं कसं? कार्डवर कोलन आहे का बघा, ते दोन टिंबांचं चिन्ह. कोलनच्या डावीकडे सॅक लिहिलं असेल तर ती कॉस्ट. 'व्हिसेरा सीअर'वर लिहिलंय 'सॅक्रिफाइस अ क्रीचर', मग कोलन, मग 'स्क्राय १'. डावीकडे आहे म्हणजे फी, उजवीकडे आहे म्हणजे माल. कोलन नसेल आणि 'ॲज ॲन ॲडिशनल कॉस्ट' असे शब्द असतील तरी ती कॉस्टच. या दोन्हीपैकी काहीच नसेल, म्हणजे 'व्हेन' ने किंवा 'व्हेनएव्हर' ने सुरू होणारं वाक्य असेल किंवा 'टार्गेट प्लेअर सॅक्रिफाइसेस' असेल, तर इफेक्ट. मी नवीन माणसाला पहिल्या दिवशी त्याच्या डेकमधली सगळी सॅकची कार्डं काढायला लावते आणि दोन ढीग करायला लावते, इकडे कॉस्ट, तिकडे इफेक्ट. वीस मिनिटं जातात. या वीस मिनिटांचा ज्यांनी कंटाळा केला ते सहा महिन्यांनी पण त्याच जागी अडकलेले मी बघितलेत.

हा फरक गेमला स्वतःला किती महत्त्वाचा वाटतो त्याचा पुरावा पाहिजे असेल तर दोन कार्डं शेजारी ठेवून वाचा. २०२० चं 'यशर्न' म्हणतं की स्पेल टाकायला किंवा ॲबिलिटी वापरायला कुणीच लँड सोडून दुसरं काही सॅक करू शकत नाही, म्हणजे कॉस्टच बंद, व्हिसेरा सीअर नुसतं बसून राहतं, पण इफेक्टमधून होणारा सॅक चालूच. आणि २०१२ ची 'सिगार्डा, होस्ट ऑफ हेरन्स' बरोबर उलटी, समोरच्याचे स्पेल आणि ॲबिलिटीज तुम्हाला सॅक करायला लावू शकत नाहीत, पण तुमची स्वतःची कॉस्ट तुम्ही खुशाल भरा. ज्याला कॉस्ट-इफेक्ट कळत नाही त्याला ही दोन्ही कार्डं सारखीच वाटतात.

अजून एक, एकच क्रीचर दोन ठिकाणी फी म्हणून देता येत नाही. 'ॲश्नॉड्स ऑल्टर'ला क्रीचर देऊन दोन माना घेतला आणि त्याच क्रीचरवर व्हिलेज राइट्सची कॉस्ट पण भागवली असं चालत नाही. आमच्यात हे करून बघितलं नाही असा एकही माणूस नाही. ऑल्टरची दुसरी गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ती माना ॲबिलिटी आहे, ती स्टॅकवर जातच नाही, लगेच होते, तिला उत्तर देता येत नाही. 'स्प्लिट सेकंड' असलेला स्पेल आला की बाकीच्या कोलनवाल्या ॲबिलिटीज गोठतात, व्हिसेरा सीअर सुद्धा, पण ऑल्टर तेव्हाही चालतं.

पायरी ४: आयत्या वेळी सॅक करायला शिका

फुकटात सॅक करता येणारं एखादं कार्ड टेबलावर असणं म्हणजे घराला मागचं दार असल्यासारखं आहे. समोरच्याने 'स्वोर्ड्स टू प्लोशेअर्स' टाकून तुमचं क्रीचर कायमचं एक्झाइल (गेमबाहेर) करायचं ठरवलं, तुम्ही उत्तर म्हणून ते सॅक केलं, आता त्याच्या स्पेलला टार्गेटच उरलं नाही, तो तसाच वाया गेला, आणि तुमचं क्रीचर एक्झाइल व्हायच्या ऐवजी ग्रेव्हयार्डात आलं जिथून ते परत आणता येतं. 'लाइटनिंग हीलिक्स'च्या वेळी तर अजून मजा, त्यात ३ डॅमेज आणि टाकणाऱ्याला ३ लाइफ असतं, पण एकमेव टार्गेट गेलं की अख्खा स्पेलच होत नाही, त्याला लाइफ पण मिळत नाही.

फक्त वेळ चुकवू नका. स्पेल स्टॅकवर असतानाच करायचं. तो व्हायला लागला की उशीर झाला. म्हणून माझा नियम आहे की समोरच्याने काही टाकलं की "थांब" म्हणायचं, विचार करायचा, आणि मग "हां, होऊ दे" म्हणायचं. नुसती मान डोलवायची नाही, मान डोलवली म्हणजे होकार धरतात.

पायरी ५: लढाईत सॅक

जुन्या लोकांचं इथे हमखास चुकतं, आणि तो त्यांचा दोष नाही, कारण नियमच बदललाय. पूर्वी लढाईचं डॅमेज पण स्टॅकवर जायचं, त्यामुळे डॅमेज लावून झालं की क्रीचर सॅक करायचं, दोन्ही मिळायचं. २००९ ला मॅजिक २०१० सेटबरोबर ते बंद झालं. आता दोन्हीपैकी एकच, एकतर डॅमेज द्या नाहीतर त्याआधी सॅक करा.

ब्लॉकचं मात्र नीट समजून घ्या. तुमच्या चिंचोक्याने, म्हणजे टोकनने, समोरच्याचं ६/६ ब्लॉक केलं, ब्लॉक जाहीर झाला, आणि मग तुम्ही ते टोकन सॅक केलं. तरी ते ६/६ ब्लॉक झालेलंच राहतं. समोर कुणी नाही म्हणून ते तुम्हाला येऊन लागत नाही. फक्त त्याला ट्रॅम्पल (ब्लॉकरला मारून उरलेलं डॅमेज प्लेअरला लावणं) असेल तर सगळंच्या सगळं तुम्हाला लागतं, तेव्हा आधी ट्रॅम्पल आहे का विचारा. आणि समोरच्याच्या क्रीचरला लाइफलिंक (जेवढं डॅमेज दिलं तेवढं लाइफ मिळणं) असेल तर हे अजूनच भारी, डॅमेजच झालं नाही म्हणजे त्याला लाइफ पण नाही.

२०१९ च्या 'थ्रोन ऑफ एल्ड्रेन' मधली मांजर-भट्टी जोडी यावरच चालते. 'कॉल्ड्रन फॅमिलिअर' ही मांजर ब्लॉक करते, ब्लॉक झाला की 'विचेस ओव्हन' टॅप करून तिला सॅक करायचं, एक फूड टोकन मिळतं, ते फूड सॅक केलं की मांजर ग्रेव्हयार्डातून परत, आणि येताना समोरच्याचं एक लाइफ घेऊन येते. दर टर्नला हेच. स्टँडर्ड या खेळाच्या प्रकारात ऑगस्ट २०२० ला मांजरीवर बंदी आणावी लागली यावरून समजा. घरच्या खेळात मी ती खेळू देते, पण समोरच्याला आधी सांगून.

पायरी ६: मेल्यावर मिळणारं मोजा

नुसतं सॅक करून पोट भरत नाही, मेल्यावर काहीतरी देणारी कार्डं लागतात. 'ब्लड आर्टिस्ट' सगळ्यात सोपं, कुठलंही क्रीचर मेलं की एका प्लेअरचं एक लाइफ कमी आणि तुमचं एक जास्त, तो स्वतः मेला तरी. ट्रिगर कधी होतो ते बघा: व्हिलेज राइट्सची कॉस्ट म्हणून क्रीचर दिलं, ते मेलं, ब्लड आर्टिस्टचा ट्रिगर व्हिलेज राइट्सच्या वर स्टॅकवर बसतो, म्हणजे आधी लाइफ जातं आणि नंतर पत्ते येतात. आणि व्हिलेज राइट्स काउंटर झालं तरी हा ट्रिगर होतोच. त्या दिवशी माझ्याकडे ब्लड आर्टिस्ट असता तर निदान एवढं तरी हाती लागलं असतं.

आता हिशोब. टेबलावर व्हिसेरा सीअर, ब्लड आर्टिस्ट आणि चार टोकन. फक्त सॅक करत गेलात तर किती लाइफ काढाल? बहुतेक जण सहा म्हणतात. सहा नाही, पाच. चार टोकनचे चार, मग सीअरने स्वतःलाच सॅक केलं की पाच, आणि आता आर्टिस्टला सॅक करायला कुणी उरलंच नाही. उलट आर्टिस्टला आधी दिलं तर त्याचा पाचवा, पण मग सीअर मेल्यावर बघायला आर्टिस्ट नाही. कसंही करा, पाचच.

आणि आता समोरच्याने 'रॅथ ऑफ गॉड' टाकलं, सगळी क्रीचर डिस्ट्रॉय. घाबरून सगळं सॅक करू नका! हीच चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितलीय. एकाच वेळी मरणारी सगळी क्रीचर आर्टिस्टला दिसतात, त्याच्या स्वतःसकट, म्हणजे काहीच न करता सहा लाइफ. त्याहून चांगलं, रॅथ स्टॅकवर असतानाच चार टोकन एकेक करून सीअरला द्या, चार लाइफ आणि चार वेळा स्क्राय, म्हणजे डेकवरचं वरचं पान बघून नको असेल तर खाली घालायची चार वेळा संधी, आणि सीअर-आर्टिस्ट तसेच राहू द्या, रॅथ त्यांना मारेल तेव्हा अजून दोन. सहाचे सहा मिळाले आणि पुढचं पान पण आपल्या मनासारखं आलं. पण समोरचा एक्झाइल करणारा स्पेल टाकत असेल तर हे चालत नाही, कारण एक्झाइल म्हणजे मरण नाही, तेव्हा मात्र जेवढं सॅक करता येईल तेवढं आधीच करा.

याच कारणासाठी समोर 'रेस्ट इन पीस' आलं की खेळ बदलतो. ग्रेव्हयार्डात जाणारं सगळं एक्झाइल होतं, टोकनसुद्धा, त्यामुळे ब्लड आर्टिस्ट गप्प. सॅक मात्र झालेलाच असतो, व्हिलेज राइट्सचे पत्ते मिळतातच, आणि 'मेहेम डेव्हिल'सारखं कार्ड असेल, जे कुणीही काहीही सॅक केलं की एक डॅमेज देतं, ते चालूच राहतं, कारण ते मरण बघत नाही, सॅक बघतं. म्हणून डेक बांधताना सगळा भार मरण बघणाऱ्या कार्डांवर टाकू नका, दोन-तीन तरी सॅक बघणारी ठेवा.

पायरी ७: समोरच्याला सॅक करायला लावणं

'डायबॉलिक एडिक्ट' टाकलं की टार्गेट प्लेअर असतो, क्रीचर नाही, त्यामुळे त्याचं हेक्सप्रूफवालं इनडिस्ट्रक्टिबल धूड पण जातं, जर ते एकटंच असेल तर. कुठलं द्यायचं ते तो ठरवतो. म्हणून आधी त्याची चिल्लर क्रीचर साफ करा आणि मग एडिक्ट टाका. आणि स्वतःकडे कायम एक चिंचोका शिल्लक ठेवा, मोठं क्रीचर एकटं कधी सोडू नका. 'इनोसंट ब्लड'सारखं सगळ्यांनाच सॅक करायला लावणारं असेल तर ज्याचा टर्न आहे तो आधी निवडतो, मग पुढचे क्रमाने, आणि सगळी एकदम जातात.

पायरी ८: दुसऱ्याचं घेऊन सॅक करणं

'ॲक्ट ऑफ ट्रीझन'ने समोरच्याचं क्रीचर एका टर्नपुरतं घ्या, अटॅक करा, आणि टर्न संपायच्या आत सॅक करा. परत जातच नाही. ते त्याच्या ग्रेव्हयार्डात जातं, तुमच्या नाही, तेव्हा कार्ड त्याच्या हातात द्या, आपल्या ढिगात टाकू नका, गेमनंतर शोधत बसायला लागतं. कमांडर (प्रत्येकाचं एक खास क्रीचर असतं तो खेळाचा प्रकार) खेळत असाल तर २०२० पासून कमांडर पण आधी खरंच ग्रेव्हयार्डात जातो, म्हणजे मेल्याचे ट्रिगर होतात, आणि मग मालकाला तो कमांड झोनमध्ये (त्याच्या वेगळ्या जागेत) नेता येतो.

टोकनची शेवटची सवय सांगते. टोकन पण मरतं, ग्रेव्हयार्डात जातं आणि मगच नाहीसं होतं. आमच्याकडे चिंचोका थेट वाटीत परत टाकायचे आणि ब्लड आर्टिस्टचा ट्रिगर सगळेच विसरायचे, मी स्वतः एका गेममध्ये तीन लाइफ अशी घालवलीत. आता नियम केलाय, चिंचोका आधी ग्रेव्हयार्डाच्या ढिगावर ठेवायचा, तोंडाने मोठ्याने म्हणायचं, "सीअर, हे टोकन सॅक, आर्टिस्टचा ट्रिगर तुझ्यावर, मग स्क्राय एक", समोरच्याने लाइफ खोडून लिहिलं की मगच चिंचोका वाटीत. घरी एकट्याने सहा चिंचोके आणि दोन कार्डं घेऊन वरचा रॅथचा हिशोब पाच-सहा वेळा असाच तोंडाने म्हणत करून बघा, आणि मग टेबलावर या.